ताईच्या नावावरचं दुखणं

गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेल्या डॉक्टरांच्या मते त्या भागातली सगळ्यात आजारी बाई म्हणजे लिफ्टदादाची ताई. दर थोड्या दिवसांनी ती बाकावर येऊन बसे. कमरेत कळ येते, अंगावरून फार जातं, जिना चढताना धाप लागते, असं सगळं न अडखळता सांगे. आणि गाल पाहावेत तर लालबुंद. डॉक्टर तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघत, मग चष्मा पुसून पुन्हा बघत.

"तुमचं मला कोडंच आहे," ते म्हणत. "ऐकलं तर वाटतं तुम्हाला झोपवून आणायला हवं होतं. बघितलं तर वाटतं तुम्हीच मला उचलून न्याल."

ताईनं नेलंही असतं. ती लाँड्री चालवत होती आणि सकाळपासून जड इस्त्री फिरवून तिचे दंड पहिलवानासारखे झाले होते. दुखणं तिचं नव्हतंच. ते तिच्या धाकट्या भावाचं होतं, आणि गेली बरीच वर्षं तिनं ते आपल्या नावावर चालवलं होतं.

भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. इमारतींतल्या पोरांनी त्याला लिफ्टदादा म्हणायला सुरुवात केली, मग त्यांच्या आयाही म्हणू लागल्या. भरघोस दाढी, कमरेला चाव्यांचा जुडगा, हाताला कायमचा ग्रीसचा वास. मोटरच्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते ओळखायचा आणि आपल्याला ते ओळखता येतं याचा त्याला रास्त अभिमान होता. त्याच्या हाताखालून गेलेली लिफ्ट मजल्याच्या फरशीला इतकी बरोबर लागायची की म्हातारी माणसं खाली न बघता पाऊल टाकत.

तो जन्मला तेव्हा घरात दुसरी मुलगी झाली असं सगळ्यांना कळवलं गेलं. ती माहिती चुकीची आहे हे त्याला फार लवकर कळलं. घरच्यांना जरा उशिरा. शाळेच्या शेवटच्या वर्षी त्यानं स्वतःची वेणी स्वतःच कापली, तीही लाँड्रीतल्या कात्रीनं, वेडीवाकडी. आई दोन दिवस बोलली नाही. वडील मितभाषी माणूस. त्यांनी पोराला हाताला धरून न्हाव्याकडे नेलं, खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "मुलाचे केस नीट करून दे. मागून फार वर घेऊ नकोस." न्हाव्यानं आरशातून एकदा वडिलांकडे पाहिलं, एकदा खुर्चीतल्या डोक्याकडे, आणि कात्री चालवली. घरात या विषयावर जेवढी चर्चा व्हायची ती तेवढीच झाली.

ताईनं तर आपल्या लग्नाच्या बोलण्यातच सांगून टाकलं होतं. बघायला आलेला मुलगा बसचा कंडक्टर. चहाचा कप त्याच्या हातात देऊन ती म्हणाली, "मला एक भाऊ आहे. तो आधी कोण होता ते कोणीतरी तुम्हाला सांगेलच, म्हणून मीच सांगते. त्याला मेहुणा म्हणता येणार असेल तर बसा. नसेल तर चहा घेऊन निघा." कंडक्टर चहा पिऊन बसून राहिला. तेव्हापासून आजतागायत तो त्याला 'मेहुणे' म्हणतो, आणि 'अहो-जाहो' करतो.

थोडक्यात, घरात अडचण नव्हती. अडचण होती दवाखान्यांत. तरुणपणी एका डॉक्टरांनी त्याला हार्मोनची इंजेक्शनं नीट सुरू करून दिली होती. आवाज उतरला, दाढी आली, दर महिन्याचा त्रास थांबला. ती त्याची सुखाची वर्षं. पुढे ते डॉक्टर गाव सोडून गेले. दुसऱ्यानं "आम्ही हे बघत नाही" म्हणून दारातूनच वाटेला लावलं. तिसऱ्यानं तपासायच्या टेबलावर झोपवलं आणि मग शेजारच्या खोलीतल्या दोघांना हाक मारली, "या, बघायला या." लिफ्टदादा टेबलावरून उतरला, पँटचा पट्टा आवळला आणि घरी आला. त्यानंतर कमरेच्या खालच्या कुठल्याही दुखण्यासाठी तो दवाखान्याची पायरी चढला नाही. इंजेक्शनं कधी मिळाली, कधी नाही, आणि थांबलेला त्रास परत सुरू झाला.

तिथून ताईची वकिली सुरू झाली. इस्त्रीच्या टेबलाशी उभा राहून तो सांगायचा आणि ती घोकायची.

"थोडं दुखतं म्हणजे कसं? टोचतं, का पिळवटतं?"

"पिळवटतं."

"डावीकडे?"

"मधोमध. ताई, तू मागच्या वेळी डावीकडे सांगून आलीस."

"मग आता सरकलं म्हणून सांगते."

दवाखान्याच्या दिवशी ती पावडर लावत नसे, वेणीही ढिली घालायची. कंडक्टर भावजी दाढी करता करता म्हणायचे, "नाटक कंपनीत गेली असतीस तर नाव काढलं असतंस." डॉक्टर गोळ्या लिहून देत, ताई त्या आणून भावाच्या हातावर ठेवी. पोटात कळ येणाऱ्यानं घेतल्यावर गोळ्या लागूही पडायच्या. आपली ही रीत उत्तम चालते अशी दोघांची खात्री झाली होती. लोक भावंडांत शेत वाटून घेतात, घर वाटून घेतात. यांनी दुखणं वाटून घेतलं होतं: सोसायचं त्यानं, सांगायचं तिनं.

मग गोळ्या पुरेनाशा झाल्या. रक्त जायचं थांबेना. लिफ्टदादाच्या ओठांचा रंग उडाला, नखं पांढरी पडली. डॉक्टरांनी ताईला सांगितलं की आता सोनोग्राफी केल्याशिवाय आपण एकही गोळी लिहिणार नाही. ताई गेली. भरपूर पाणी पिऊन, पाय आवळून, रांगेत बसून तिनं सोनोग्राफी करून घेतली. तपासणाऱ्या बाईंनी पडद्यावर बघून सांगितलं, "काही नाही हो. गर्भाशय अगदी छान आहे. गाठ नाही, सूज नाही."

ताई रिक्षानं घरी आली. एरवी ती बसनं येई, पण बातमीच तशी होती. लिफ्टदादाला फोन केला, तो काम अर्धं टाकून आला. ऐकून तो मोडक्या स्टुलावर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. कित्येक महिन्यांची भीती होती ती. त्यानं खाली जाऊन मिठाई आणली. संध्याकाळी भावजी ड्यूटीवरून आले तेव्हा बहीण-भाऊ समोरासमोर बसून पेढे खात होते.

"कसली मिठाई?"

"रिपोर्ट चांगला आला," ताई म्हणाली. "गाठबीठ काही नाही."

भावजींनी पेढा उचलला, तोंडाजवळ नेला आणि थांबले.

"पोट कोणाचं तपासलं?"

ताईनं भावाकडे पाहिलं, भावानं ताईकडे. दोघांनाही हसू फुटलं, आणि हसता हसता ताई रडायला लागली. इतकी वर्षं ती त्याचं दुखणं स्वतःचं म्हणून सांगत आली होती की आपलं पोट ठीक म्हणजे त्याचंही ठीक, असा हिशेब तिच्या मनानं परस्पर करून टाकला होता. आणि त्याच्याही.

"मेहुणे," भावजी पेढा परत ठेवत म्हणाले, "प्रवास एकाचा आणि तिकीट दुसऱ्याचं, हे किती दिवस चालणार? स्वतः जा."

"जाईन," लिफ्टदादा म्हणाला. गेला मात्र नाही. त्या टेबलावर पुन्हा झोपायचं, आणि पुन्हा कोणीतरी शेजारच्या खोलीत हाक मारायची, हे त्याला मरणापेक्षा अवघड वाटत होतं. शिवाय कामावरचे लोक होते. त्याच्याबरोबर काम करणाऱ्यांपैकी कोणालाच काही माहीत नव्हतं. तिथं तो फक्त लिफ्टदादा होता, आणि ते नाव त्यानं हातानं कमावलं होतं.

कामाला त्याचा जोडीदार म्हणजे वस्ताद. वयानं मोठा, तोंडानं फाटका, कामात देवमाणूस. लिफ्टचं काम दोघांचं असतं. एक जण गच्चीवर मोटरच्या खोलीत, दुसरा लिफ्टच्या डब्याच्या छतावर, अंधाऱ्या शाफ्टमध्ये. छतावरचा माणूस ओरडून सांगेल तेव्हाच वरच्यानं मोटर चालवायची, आणि दुसऱ्या कोणाचाही शब्द धरायचा नाही. धंद्यातला हा पहिला नियम. तो मोडणाऱ्याला वस्ताद शिव्या देऊन हाकलत असे.

त्या दिवशी लिफ्टदादा छतावर होता. दोरांना तेल लावता लावता त्याच्या डोळ्यांपुढे काळोख आला. त्यानं थांबवायचं बटण दाबलं, आडव्या लोखंडी दांड्याला मिठी मारली आणि खाली बसला. वरून वस्तादची हाक आली. उत्तर नाही. पुन्हा हाक. उत्तर नाही. इमारतीचे सेक्रेटरी घाईत होते. ते मोटरच्या खोलीतल्या दोरांच्या फटीतून खाली डोकावून म्हणाले, "अहो, बसलाय तो, दिसतोय मला. ठीक आहे. चालवा तुम्ही."

"तुम्हाला दिसून काय उपयोग," वस्ताद म्हणाला. "त्यानं सांगायला पाहिजे."

त्यानं मेन स्विच पाडला, जिने उतरून खाली आला, किल्लीनं मजल्याचं दार उघडलं आणि जोडीदाराला काखेत हात घालून बाहेर ओढलं. जिन्याच्या पायरीवर बसवून पाणी पाजलं. लिफ्टदादाच्या पँटवरचा रक्ताचा डाग त्याला दिसला. त्यानं सेक्रेटरींना चहा सांगायला पाठवून दिलं आणि स्वतःचा शर्ट काढून जोडीदाराच्या मांडीवर टाकला.

"कुठं लागलंय?"

"लागलं नाही, वस्ताद." लिफ्टदादानं शर्ट कमरेशी गुंडाळला. मग त्यानं सांगितलं. जन्मापासूनचं, थोडक्यात, जसं बिघाडाचं सांगतात तसं. शेवटी म्हणाला, "मला बायकांच्या डॉक्टरकडे जायला पाहिजे."

वस्ताद बनियनवर बसून ऐकत होता. त्यानं कान खाजवला.

"कधीपासून चक्कर येतेय?"

"महिनाभर असेल."

"महिनाभर चक्कर येतेय आणि तू डब्याच्या डोक्यावर चढतोस, आणि वर मी बसलेलो मूर्ख, मला पत्ता नाही." त्याचा आवाज चढला. "तू कोण होतास ते तुझ्या घरचं. त्यात मला काही कळत नाही, नंतर सावकाश समजावून सांग. पण चक्कर माझ्यापासून लपवलीस, हे माझ्या कामातलं आहे. बरा झाल्याशिवाय शाफ्टमध्ये पाय ठेवलास तर तंगडं मोडीन."

"म्हणजे बरा झालो की ठेवायचा ना?"

"मग काय मी म्हातारपणी नवीन जोडीदार शिकवत बसू?"

तो शर्ट न घेताच घरी गेला.

बायकांच्या हॉस्पिटलात ताई बरोबर आली. सवयीप्रमाणे ती पुढे, तो मागे. खिडकीतल्या मुलीनं विचारलं, "मिसेसचं नाव?"

"मिसेस नाही," लिफ्टदादा म्हणाला. "माझं लिहा." आणि त्यानं आपलं नाव सांगितलं.

मुलीनं ताईकडे पाहिलं. ताईनं छताच्या पंख्याकडे पाहिलं. मुलगी म्हणाली, "इथं फक्त लेडीज बघतात हो."

"इथं गर्भाशय बघतात. मला ते आहे आणि त्यातून रक्त थांबत नाही. आवाज खाली ठेवून बोलतोय, तुम्हीही तसंच बोला."

मुलीनं लिहिलं.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या, भराभर बोलणाऱ्या. दोघं आत आल्यावर त्यांनी ताईला खुर्ची दाखवली आणि तिलाच विचारलं, "बोला, काय होतंय?" ताईचं तोंड आपोआप उघडलं. कमरेतली कळ, मधोमध, पिळवटतं, सगळं जिभेच्या टोकावर होतं.

"डॉक्टर, मला विचारा," लिफ्टदादा म्हणाला. "पोट माझं आहे."

ताईनं तोंड मिटलं. खुर्चीतून उठली आणि त्याला जागा दिली.

मग तो बोलला. कधीपासून, किती, कुठं, कुठली इंजेक्शनं, कधी बंद पडली. टेबलावर झोपवून माणसं गोळा करणाऱ्या डॉक्टरचंही सांगितलं, त्याचं नाव न घेता. डॉक्टरबाई मध्ये बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "खरं सांगते, तुमच्यासारखा पेशंट मी आधी तपासलेला नाही. पण गर्भाशय मी रोज बघते, त्यात नवीन काही नसणार. इंजेक्शनांचं मला पुरेसं ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना विचारून घेईन. तपासताना तुम्ही, मी आणि एक नर्स. ताई थांबल्या तर चालेल?"

"ताई बाहेर बसेल," लिफ्टदादा म्हणाला.

ताई बाहेर बसली. आयुष्यात पहिल्यांदाच डॉक्टरकडे येऊन तिला सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिनं शेजारच्या बाईच्या साडीची इस्त्री किती वाईट झालीय ते बघून घेतलं.

गर्भाशयात गाठी होत्या. डॉक्टरबाईंनी दोन्ही वाटा समजावल्या: गाठी काढता येतील, किंवा पिशवीच काढता येईल. लिफ्टदादानं एक क्षणही घेतला नाही. आधी रक्त चढवावं लागलं. मग प्रश्न आला, झोपवायचं कुठं. हॉस्पिटल बायकांचं, वॉर्ड एकच. डॉक्टरबाईंनी त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "वॉर्डातल्या बायकांना अवघड होईल असं नको. मलाही." तेव्हा जादा खाटा आणि सलाइनचे स्टँड ठेवायची कोपऱ्यातली खोली रिकामी करण्यात आली. ती रिकामी करणारी आया दिवसभर पुटपुटत होती, "बाप्या माणसाचं बाळंतपण करायला लावतील आता." पण ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी तीच गरम पाणी आणि आरसा घेऊन आली.

"दाढी विंचरा जरा. भूत दिसताय. कोणी भेटायला आलं तर मला लाज."

भेटायला वस्ताद आला. तोच शर्ट, इस्त्री केलेला, घालून आला होता. ताईनं रक्ताचा डाग असा काढला होता की जागा सापडू नये. खाटेवर बसायचं की नाही हे न कळून तो उभाच राहिला.

"झालं?"

"झालं. गाठी साध्या निघाल्या."

"बरं." तेवढ्यात बाहेर हॉस्पिटलची लिफ्ट मजल्याला लागताना खट्ट वाजली. दोघांनीही एकदम मान वळवली.

"काल रात्रीपासून ऐकतोय," लिफ्टदादा म्हणाला. "ब्रेकचं अस्तर गेलंय."

"अस्तर नाही, स्प्रिंग."

"पैज?"

"पडून राहा गुमान," वस्ताद म्हणाला आणि खाटेच्या कडेवर बसला.

टाके काढून झाल्यावर पुन्हा दाखवायला तो कागदपत्रांची पिशवी घेऊन एकटा गेला. ताईनं लाँड्रीतून हात हलवला आणि पुन्हा इस्त्री उचलली. हॉस्पिटलच्या बाकावर सगळ्या बायका. एकीनं पदर आवरून त्याला जागा करून दिली. मध्यम वयाची, घाबरलेली. हातातल्या पिशवीचा बंद ती सारखा गुंडाळत होती.

"मंडळी आत गेल्यात वाटतं?"

"नाही. मीच दाखवायला आलोय," तो म्हणाला. "पिशवी काढली माझी."

बाईनं त्याच्या दाढीकडे पाहिलं. पोटाकडे पाहिलं. मग पुन्हा दाढीकडे. लिफ्टदादानं नजर खाली घातली नाही. बाईच्या मनात काय काय येऊन गेलं कोण जाणे, पण तिच्या स्वतःच्या ऑपरेशनची तारीख दोन दिवसांवर होती आणि शेवटी तेच सगळ्यांवर वरचढ ठरलं.

"फार दुखतं का हो?" तिनं हळूच विचारलं.

"पहिल्या दिवशी दुखतं. खोकताना पोटाशी उशी धरायची. मग निभतं."

"आणि जिना?"

"जिना आठ-पंधरा दिवस नको. घरी लिफ्ट आहे?"

"आहे, पण नेहमी बंद."

"कुठली इमारत?"

तिनं सांगितलं. पलीकडच्या बाकावरच्या दोघी आता पुढं वाकून ऐकत होत्या. एकीनं विचारलं की टाके ओढतात ते किती दिवस, दुसरीनं विचारलं की वजन कधी उचलायचं. तो एकेकीला सांगत होता, सावकाश, नीट, कामाचं बोलताना बोलायचा तसं. इतक्यात खिडकीतल्या मुलीनं त्याचं नाव पुकारलं. पूर्ण नाव, मोठ्यानं, पुढे 'श्री' लावून. कोणी मान वळवली नाही. तो पोटावर हात धरून उठला.

"जा तुम्ही," शेजारची बाई म्हणाली. "पिशवी राहू दे इथंच, मी बघते. आणि बाहेर आलात की त्या उशीचं पुन्हा एकदा सांगा."